कवडसे मोजण्याचे दिवस

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय : राज्यातल्या रस्त्यांची व पुलांची दरवर्षी मोजणी, तिची जाहीर नोंद आणि त्या नोंदीनुसार देखभालीचा निधी मिळण्याबाबत

माननीय महोदय,


एकतीस वर्षं मी रस्त्यांच्या कामावर काढली. कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. हे पत्र मुद्दाम पाऊस संपल्यावर लिहितो आहे. पावसाळ्यात रस्त्यांवर सगळेच बोलतात. वर्तमानपत्रांत खड्ड्यांचे फोटो येतात, सभागृहात प्रश्न विचारले जातात, गणपतीच्या आधी खड्डे बुजवण्याच्या तारखा जाहीर होतात. दिवाळी झाली की रस्ते कोरडे पडतात आणि बोलणंही थांबतं. खरं तर रस्त्याकडे बघण्याचे दिवस तेव्हाच सुरू होतात. पावसाने काय खाल्लं ते उघडं पडलेलं असतं, पुढचा पाऊस सहा-सात महिन्यांवर असतो आणि पुढच्या वर्षाची अंदाजपत्रकं कार्यालयांत तयार होत असतात. त्या अंदाजपत्रकांत कोणता रस्ता बसणार आणि कोणता राहणार, हे कशावरून ठरतं? या एका प्रश्नासाठी आपला वेळ घेतो आहे.

माझं बालपण कोकणातलं, कौलारू घरातलं. मे महिन्यात वडील शिडी लावून छपरावर चढायचे आणि आम्ही भावंडं खाली अंधाऱ्या माजघरात उभी राहायचो. आमचं काम एकच, कवडसे शोधायचे. जमिनीवर, भिंतीवर, भाताच्या कणगीवर कुठे उन्हाचा ठिपका पडलाय ते बघायचं आणि ओरडून सांगायचं, "बाबा, चुलीच्या वर, वाशाच्या उजवीकडे!" वडील ते कौल काढायचे, बोटाने ठणकन वाजवून बघायचे आणि तडकलेलं असेल तर बदलायचे. ठिपका विझला की पुढचा. जिथून ऊन आत येतंय तिथूनच जूनमध्ये पाणी येणार, हे घरातल्या सहा वर्षांच्या पोरालाही कळायचं. आणि पाऊस सुरू झाल्यावर शेवाळलेल्या छपरावर चढता येत नाही, हेही कळायचं.

रस्त्यालाही असेच कवडसे पडतात. डांबरावर केसाएवढी भेग दिसते. गाडीतल्या माणसाला तिचा हिसकाही बसत नाही. पावसात त्या भेगेतून पाणी खालच्या खडीच्या थरात उतरतं. वरून जड चाक गेलं की ते पाणी दाबलं जातं, चाक पुढे सरकलं की पुन्हा ओढलं जातं. या उपशात खडीमधला बारीक माल धुऊन निघतो, खडीला धरून ठेवणारं डांबर सुटत जातं. मग भेगांचं जाळं होतं, मगरीच्या पाठीसारखं. त्या जाळ्यातला एक तुकडा उडाला की खड्डा. लोकांना जो खड्ड्याचा पहिला दिवस वाटतो, तो त्या दुखण्याचा शेवटचा टप्पा असतो. खड्डा मोजत बसणं म्हणजे पाणी घरात आल्यावर पातेली मांडणं.

हे मला पुस्तकाच्या आधी एका मुकादमाने शिकवलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे घाटाखालचा अठरा किलोमीटरचा एक तुकडा होता आणि त्यावर पाच मैलकुली, म्हणजे रस्त्याची रोजची देखभाल करणारे मजूर. मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला की आम्ही आडोसा शोधायचो. मुकादम मात्र डोक्यावर इरलं घेऊन, खांद्यावर कुदळ टाकून रस्त्यावर निघायचे. एकदा मीही त्यांच्या मागोमाग गेलो. पन्नासेक पावलांवर ते थांबत आणि रस्त्यावरून पाणी कुठे वाहतंय, कुठे थांबतंय ते बघत. एका जागी साइडपट्टीवर माती चढून ती डांबरापेक्षा उंच झाली होती, पाण्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. त्यांनी कुदळीने वीतभर रुंद चर काढला. पाणी क्षणभर थबकलं आणि मग खळखळत गटारात गेलं. "साहेब, पाणी कुठं थांबतंय ते आत्ताच बघून ठेवायचं. उन्हाळ्यात इचारलं तर रस्ता बोलत न्हाई."

घरी गेल्यावर ते शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वहीत लिहून घ्यायचे. आधी किलोमीटर, मग मीटर : १४/२०० ते १४/४००, पाणी थांबतं. १५/६०० ची मोरी, तोंडाशी झुडूप. १७/० जवळ कड तुटते. मार्चमध्ये दुरुस्तीची यादी करताना मी ती वही समोर ठेवली आणि पुढच्या प्रत्येक वर्षी ठेवत गेलो. माझी बदली होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, त्या अठरा किलोमीटरवर मोठा खर्च करावा लागला नाही. शेजारच्या तुकड्यावर तेवढ्याच काळात दोनदा कार्पेट टाकावं लागलं.

महोदय, त्या दोनशे पानी वहीत सगळं शास्त्र होतं. जागा नेमकी लिहिलेली होती. दरवर्षी त्याच जागा बघितल्या जात होत्या, म्हणून दुखणं वाढतंय की थांबलंय हे कळत होतं. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे त्या वहीवरून काम ठरत होतं. आज आपल्या राज्यात सार्वजनिक बांधकाम आणि जिल्हा परिषदा मिळून तीन लाख किलोमीटरहून अधिक रस्ते आहेत. त्या सगळ्यांची अशी वही कुठे आहे आणि तिच्यावरून काम ठरतं का, हे मी आपल्याला विचारतो आहे.

आपली कामाची रीत अशी पडून गेली आहे की जो रस्ता सगळ्यात वाईट, त्याला आधी पैसे. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण डांबरी रस्ता वयानुसार सारखा सारखा झिजत नाही. आयुष्याचा बराच काळ तो बरा दिसतो, हळूहळू उतरतो आणि एका वळणानंतर झपाट्याने कोसळतो. त्या वळणाच्या आधी भेगा भरणं, सीलकोट मारणं, साइडपट्ट्या उतरत्या करणं, गटारं मोकळी करणं एवढ्यावर भागतं. वळण ओलांडलं की खालचा खडीचा थर उकरून नव्याने भरावा लागतो, आणि तो खर्च कितीतरी पटींनी जास्त. सगळा निधी मेलेल्या रस्त्यांवर गेला तर जे रस्ते अजून वाचवता आले असते ते त्याच वर्षी त्या वळणावरून खाली जातात. पुढच्या वर्षी वाईट रस्त्यांची यादी आणखी लांब होते. आपण धावत राहतो आणि जागा तीच राहते.

यात गाड्यांच्या वजनाची भर पडते. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा इथे १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर सैन्यातल्या चालकांकडून ट्रक सतत फिरवले गेले. त्या प्रयोगातून निघालेला आणि आजही जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा की रस्त्याची झीज आसावरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर झीज सोळापट. २०१८ साली केंद्राने मालवाहू गाड्यांच्या एका आसाचा कायदेशीर भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला. भार वाढला साधारण तेरा टक्के, पण त्याच हिशेबाने झीज वाढते साठ टक्क्यांच्या आसपास. वाळूचे डंपर आणि उसाच्या भरगच्च ट्रॉल्या यांचं वजन तर कायद्यालाही विचारत नाही. ज्या रस्त्यावर कारखान्याचा हंगाम चालतो आणि ज्यावर दिवसातून चार एसटी जातात, ते दोन्ही "प्रमुख जिल्हा मार्ग" असले तरी त्यांचं वय एका मापाने मोजता येत नाही.

मातीही एक नाही. कोकणातून माझी बदली मराठवाड्यात झाली तेव्हा पहिले दोन उन्हाळे मी गोंधळलेलाच होतो. तिथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात इतकी आक्रसते की भेगेत हात जातो. तिच्यावरचा रस्ता खड्डा न पडताही लाटेसारखा उठतो, कडेने उभा चिरत जातो. जांभ्यावरचा अनुभव तिथे कामाला आला नाही. तिथल्या रस्त्याला तिथलीच नोंद हवी होती, आणि ती मला कुणी दिली नाही. आधीचे अभियंते बदलून गेले होते आणि जे त्यांना ठाऊक होतं ते त्यांच्याबरोबर गेलं होतं.

आता पुलांकडे येतो. इथे चुकीची किंमत पैशात होत नाही.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात मुंबई-गोवा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि एक मोटार माणसांसकट नदीत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीला योग्य ठरला होता. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, सात माणसं गेली. आधीच्या तपासणीत तोही किरकोळ दुरुस्त्या सुचवून वापरायला योग्य ठरवला गेला होता. १५ जून २०२५ च्या रविवारी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चार जीव गेले. तो धोकादायक आहे हे माहीत होतं, तसा फलक होता, नव्या पुलासाठी निधीही मंजूर झाला होता.

या तीन घटना मी एका ओळीत मांडतो त्याला कारण आहे. महाड आणि मुंबईत पाहणी झाली होती, तरी कागदावर "योग्य" उमटलं. कुंडमळ्याला कागदाने खरं सांगितलं, पण कागद आणि काम यांच्यामध्ये दिवस जात राहिले आणि माणसं पुलावर जात राहिली. नजर पोचली नाही तरी घात होतो, आणि नजर पोचूनही हात हलला नाही तरी घात होतो. पाहणीची सुधारणा करताना या दोन्ही टोकांना हात घालावा लागेल.

पहिल्या टोकाबद्दल मला स्वतःची गोष्ट सांगायला हवी. पावसाळ्यापूर्वीची पुलांची पाहणी असायची. तालुक्यातले चाळीसेक लहानमोठे पूल आणि हातात आठ दिवस, त्यातच कार्यालयाची बाकीची कामं. जीप पुलावर थांबायची, मी कठड्यावरून डावीकडे बघायचो, उजवीकडे बघायचो आणि तक्त्यात "स्थिती ठीक" लिहायचो. एका ओढ्यावरच्या पुलाचा तक्ता असाच भरून झाला होता. खाली धुणं धूत असलेल्या बाईंनी हाक मारली, "दादा, वरनं काय दिसतंय? खाली या की. त्या खांबाच्या बुडाशी आमची पोरं मासे धरत्यात." मी उतरलो. पाणी घोट्याएवढं होतं. खांबाच्या पायाशी बसून हात घातला तो कोपरापर्यंत आत गेला. वरून धडधाकट दिसणाऱ्या खांबाखालची माती पाण्याने कोरून नेली होती. त्या उन्हाळ्यात पायाशी काँक्रीट आणि मोठ्या दगडांचं पिचिंग झालं, पूल वाचला. पण मी लिहिलेला "स्थिती ठीक" हा शेरा आजही माझ्या मनातून गेलेला नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं. मी जिथून बघितलं तिथून ते ठीकच होतं.

नदीच्या पुलांचं हेच कठीण दुखणं आहे. पुराच्या जोरात पायाजवळचा तळ खोल खणला जातो आणि पूर ओसरताना त्याच खड्ड्यात गाळ, वाळू पुन्हा येऊन बसते. मे महिन्यात बघणाऱ्याला सपाट वाळू दिसते. खांबाला धरून ठेवण्याची ताकद त्या सैल वाळूत नसते, पण ते डोळ्याला कळत नाही. म्हणून मोठ्या पुरानंतर तळाची खोली मोजायला हवी आणि तो आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहायला हवा. एक आकडा काहीच सांगत नाही. आकड्यांची रांग सांगते.

इतर देशांनीही हे धडे जीव गमावूनच घेतले. अमेरिकेत १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली, त्यानंतर १९७१ पासून देशभर पुलांच्या ठरावीक मुदतीच्या तपासणीचे नियम आले. १९८७ साली न्यूयॉर्क राज्यात स्कोहॅरी ओढ्यावरचा पूल पायाखालचा तळ वाहून गेल्याने पडला, दहा जण गेले, आणि पाण्याखालच्या पायांची तपासणी गांभीर्याने होऊ लागली. तिथे प्रत्येक पुलाला शून्य ते नऊ असे गुण मिळतात आणि ते कुणालाही बघता येतात. जपानमध्ये २ डिसेंबर २०१२ रोजी सासागो बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे पाट कोसळून नऊ जण गेले. त्यांनी २०१४ पासून नियमच केला की देशातल्या सात लाखांहून अधिक पुलांपैकी प्रत्येक पूल पाच वर्षांतून एकदा हाताला लागेल इतक्या जवळून बघायचा. त्या नियमातला जवळिकीचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो, कारण कठड्यावरून बघणं म्हणजे काय हे मी केलेलं आहे.

मोजायला साधनं नाहीत, असं म्हणायला आपल्याला जागा नाही. माझ्या तरुणपणी बेंकलमन बीम होता. मागच्या आसावर ८,१७० किलो भार असलेला ट्रक रस्त्यावर उभा करायचा, दुहेरी चाकांच्या फटीत लांब दांड्याचं टोक टेकवायचं, ट्रक हळूच पुढे न्यायचा आणि दबलेला रस्ता किती उसळून वर येतो ते डायलवर वाचायचं. वरून गुळगुळीत दिसणारा रस्ता आतून किती थकलाय हे तो काटा सांगायचा. आता तेच काम वरून वजन टाकून मोजणारं यंत्र पटापट करतं. रस्त्याचा खडबडीतपणा मोजण्याचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक १९८२ साली ब्राझीलमध्ये जागतिक बँकेच्या पुढाकाराने झालेल्या प्रयोगातून आला आणि आज तो आपल्याकडेही वापरतात. राष्ट्रीय महामार्गांवर लेझर आणि कॅमेरे बसवलेली सर्वेक्षण वाहनं फिरतात. भेगा, चाकोऱ्या, खड्डे किती टक्के भागात आहेत त्यावरून रस्त्याला गुण कसे द्यायचे, हे इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१५ साली सुधारलेल्या ८२ क्रमांकाच्या संहितेत लिहून ठेवलेलं आहे. महाडच्या दुर्घटनेनंतर दोनच महिन्यांनी केंद्राने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. यंत्रं आहेत, संहिता आहे, शिकलेले अभियंते आहेत. अडतं ते मोजणी आणि मंजुरी यांच्या मधल्या जागेत.

त्या जागेत सध्या तक्रार बसली आहे. खड्ड्याचा फोटो पाठवायची सोय झाली हे चांगलंच झालं, मी तिच्या विरोधात नाही. पण तक्रारीवरून रस्त्याची स्थिती ठरवू लागलो तर जिथे मोबाइलला रेंज आहे, जिथे माणसं लिहिती आहेत, तिथलेच रस्ते वाईट दिसतील. अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवरून किंवा भामरागडच्या टोकाच्या गावातून फोटो येत नाही. तिथे गरोदर बाईला झोळीत घालून डांबरापर्यंत आणतात आणि त्या फेरीची नोंद कुठल्याही रस्त्याच्या फाइलीत होत नाही. मोजणीला सगळे रस्ते सारखे. जिथून आवाज येत नाही तिथलाही आकडा ती आणते. म्हणून मोजणी हा मला न्यायाचाही प्रश्न वाटतो.

काँक्रीट केलं की हा सगळा व्याप संपेल, असंही अनेकदा ऐकतो. काँक्रीटचं आयुष्य मोठं हे खरं. पण त्याचे सांधे दर काही वर्षांनी भरावे लागतात. त्यातून पाणी उतरलं की खालचा थर धुपतो, पाट हलतो आणि तडकतो. आणि तडकलेला काँक्रीटचा पाट डांबराच्या पॅचसारखा एका रात्रीत बदलत नाही. रस्ता जितका महाग तितकं त्याच्याकडे लक्ष जास्त द्यावं लागतं.

महोदय, मागण्या मोजक्या आहेत.

पहिली. राज्यातल्या प्रत्येक रस्त्याची स्थिती दरवर्षी पाऊस संपल्यावर मोजली जावी, त्याच किलोमीटर-दगडांच्या हिशेबाने आणि त्याच मापाने. मोठ्या रस्त्यांना सर्वेक्षण वाहन लागेल. बाकीच्यांसाठी आपल्या दारात एक साधन उभं आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली गाडी सुटली तेव्हापासून एसटी आपल्या रस्त्यांवर धावते आहे. त्याच रस्त्यावर, त्याच वेळेला, रोज. प्रत्येक आगारातल्या काही गाड्यांना हिसके आणि जागा नोंदवणारं साधं उपकरण बसवलं तर कुठला रस्ता महिन्यागणिक खालावतोय ते कळेल. त्याने लेझरइतकं नेमकं माप मिळणार नाही, पण कुठे उतरून बघायचं ते नक्की सांगेल. आणि एसटीच्या चालकांना वर्षातून एकदा विचारा. त्यांच्या कमरेला जे ठाऊक आहे ते कुठल्याही फाइलीत नाही.

दुसरी. पुलाची पाहणी हाताच्या अंतरावरून व्हावी. पाया, बेअरिंग, सांधे यांचे फोटो दरवर्षी त्याच कोनातून, तारीख आणि जागेसकट जोडले जावेत. नदीच्या पुलांवर प्रत्येक मोठ्या पुरानंतर तळ मोजला जावा. एका अभियंत्याने आठ दिवसांत चाळीस पूल बघायचे असतील तर तो कठड्यावरूनच बघणार. त्याला वेळ, शिडी, होडी आणि जोडीला माणूस द्या.

तिसरी. देखभालीच्या निधीचा ठरलेला वाटा चांगल्या आणि बऱ्या रस्त्यांच्या जपणुकीसाठी राखून ठेवा आणि तो दुसरीकडे वळवता येणार नाही अशी व्यवस्था करा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल बांधणाऱ्या कंत्राटदाराकडेच असते आणि पाहणीत रस्त्याला जे गुण मिळतात त्यावर त्याचं देयक ठरतं. म्हणजे बुजवलेल्या खड्ड्यांचे पैसे मिळत नाहीत, चांगल्या ठेवलेल्या रस्त्याचे मिळतात. हे तत्त्व जिल्हा मार्गांवर आणायला काय हरकत आहे?

चौथी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. मोजणीचे आकडे आणि मंजूर कामांची यादी शेजारी शेजारी जाहीर करा. कोणतं काम आधी घ्यायचं हा लोकप्रतिनिधींचा अधिकार आहे, तो राहू द्या. दवाखान्याचा रस्ता, शाळेचा रस्ता, पुरात तुटणाऱ्या गावाचा एकमेव रस्ता यांना गुणांपलीकडचंही महत्त्व असतं. पण मोजणीत खाली असलेला रस्ता मागे राहिला आणि वर असलेला पुढे गेला, तर त्याचं कारण दोन ओळींत लिहिलं जावं. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार सरकारने अशी माहिती न मागता द्यायचीच असते. तालुक्याच्या माणसाला आपल्या रस्त्याचे मागच्या पाच वर्षांचे गुण एका पानावर दिसले, तर तो खड्ड्याची वाट बघत बसणार नाही.

पाचवी. जो अभियंता "हा पूल बंद करा" असं लिहील त्याच्या पाठीशी उभे राहा. पूल बंद केला की वळसा पडतो, गावं चिडतात, बाजार बुडतो, फोन येतात. "ठीक" लिहिणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. धोकादायक शेरा आल्यावर किती दिवसांत निर्णय व्हायलाच हवा याची मुदत ठरवा आणि मुदत उलटली तर जबाबदारी वरच्या टेबलावर जाईल असं करा. कुंडमळ्याला हीच मुदत नव्हती.

सहावी. मैलकुली हळूहळू रस्त्यांवरून दिसेनासा झाला. यंत्र वर्षातून एकदा येईल, कुदळ घेऊन पावसात चालणारा माणूस रोज लागतो. तो कंत्राटी असेल, गावच्या बचत गटातला असेल, पण प्रत्येक दहा-पंधरा किलोमीटरला एक माणूस हवा, ज्याला पाणी कुठे थांबतं ते ठाऊक आहे आणि ज्याने लिहिलेलं कुणीतरी वाचतं.

पैसे कमी आहेत हे मला माहीत आहे. म्हणूनच मोजायला हवं. श्रीमंताला अंदाजाने खर्च करणं परवडेल, आपल्याला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे जीव गेला तर कुटुंबाला सहा लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला. २०२२ या एका वर्षात देशात खड्ड्यांमुळे १,८५६ माणसं गेल्याची नोंद केंद्राच्या अहवालात आहे. भरपाई ही घटना घडून गेल्यानंतरची गोष्ट. त्यातल्या प्रत्येक खड्ड्याच्या जागी आधी एक भेग होती, आणि भेगेच्याही आधी बहुधा थांबलेलं पाणी होतं.

आणि हे पत्र वाचणाऱ्या माझ्या बांधवांनाही एक विनंती. चांगल्या दिसणाऱ्या रस्त्यावर भेगा भरायला माणसं आली की आपण म्हणतो, "इथे काय झालंय? पैसे खायचे धंदे!" आणि तिकडचा उखडलेला रस्ता दाखवतो. मीही घरच्यांचं हे बोलणं ऐकलेलं आहे. कृपा करून त्या माणसांना काम करू द्या. ते तडकलेलं कौल बदलत असतात. त्यांनी ते बदललं नाही तर दोन वर्षांनी तो रस्ताही उखडलेल्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. जाब विचारायचाच असेल तर हा विचारा : गेल्या वर्षी या रस्त्याला किती गुण होते, यंदा किती, आणि तुम्ही त्यावर काय ठरवलं?

ते मुकादम आता हयात नाहीत. त्यांची वही माझ्याकडे राहिली. घाट उतरताना दर वेळी जी नजर आपोआप चौदाव्या किलोमीटरच्या दगडाकडे जाते, ती त्या वहीमुळेच. पानं पिवळी पडली आहेत, पण मुलीचं गोल, नीट अक्षर अजून वाचता येतं. निवृत्त होताना मी ती माझ्या जागी येणाऱ्या अभियंत्याला देऊ केली. त्याने मनापासून वाचली आणि मग विचारलं, "सर, ही कुठल्या फाइलला लावू?" त्याला उत्तर देता आलं नाही, कारण तशी फाइलच नव्हती.

ती फाइल आपण उघडावी, एवढ्यासाठी हे पत्र. आपण ती उघडाल त्या दिवशी वही घेऊन मी स्वतः येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता